वजनाचा काटा आणि दमसास

चेन्नईच्या मैलापूर भागात, लझ चर्च रोडच्या कडेला नागेश्वर राव उद्यान आहे. ते ज्यांच्या नावाने ओळखले जाते त्या काशीनाथुनी नागेश्वर राव यांनी 1893 मध्ये मुंबईत अमृतांजनचा व्यवसाय सुरू केला आणि पुढे तो मद्रासला नेला. अंगदुखीवर पिवळा मलम विकणाऱ्या गृहस्थाच्या नावाच्या बागेत पहाटेपासून लोक सांधे मोकळे करायला येतात, हा योगायोग मोठा गमतीचा आहे. चालणाऱ्यांत निवृत्त बँक अधिकारी असतात, गुडघ्याला पट्टा बांधलेल्या आजीबाई असतात, कानात इअरफोन घातलेले विद्यार्थीही असतात. महिनाभर नेमाने चालणाऱ्या प्रत्येकाला घरीदारी एकच प्रश्न ऐकावा लागतो: वजन किती उतरले? आकडा सांगण्यासारखा नसला की चालणारा खजील होतो आणि दुसऱ्या महिन्यात बागेत येईनासा होतो. आरोग्याच्या दृष्टीने हा प्रश्नच चुकीच्या जागी ठेवलेला आहे, आणि तो तसा आहे हे दाखवणारे भारतीय संशोधन याच शहरात झालेले आहे.

मैलापूरहून जवळच, गोपालपुरममध्ये मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशन ही संस्था आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने तिने केलेल्या इंडियाब या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष जून 2023 मध्ये ‘लॅन्सेट डायबेटिस अँड एंडोक्रिनॉलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. 2008 ते 2020 या काळात 31 राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतील 1,13,043 प्रौढांची तपासणी करून काढलेले हे आकडे आहेत. त्यांनुसार देशात 10 कोटी 10 लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी 13 कोटी 60 लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. मधुमेहाचे प्रमाण सर्वाधिक आढळले ते गोव्यात, 26.4 टक्के. वृत्तपत्रांनी मथळे केले ते याच आकड्यांचे. मात्र त्याच तक्त्यांत एक तुलना होती आणि तिच्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. उंची व वजन यांच्या गुणोत्तरावरून, म्हणजे बीएमआयवरून स्थूल ठरणारे लोक 28.6 टक्के होते. कंबरेच्या घेरावरून स्थूल ठरणारे मात्र 39.5 टक्के. मधला फरक जवळपास अकरा टक्क्यांचा, म्हणजे सुमारे दहा कोटी माणसांचा आहे. वजनकाट्याने निर्दोष ठरवलेले आणि शिंप्याच्या टेपने दोषी ठरवलेले कोट्यवधी लोक या देशात आहेत, असा त्याचा सरळ अर्थ.

असे का होते याचे उत्तर पुण्यातून आले. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघा संशोधकांनी 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच छायाचित्र छापले. शेजारी शेजारी उभे असलेले दोन गृहस्थ, दोघांचाही बीएमआय नेमका 22.3. क्ष-किरणांच्या साहाय्याने शरीरातील चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची 9.1 टक्के भरली, याज्ञिक यांची 21.2 टक्के. विज्ञानाच्या इतिहासात स्वतःच्या पोटाचा असा सदुपयोग क्वचितच झाला असेल. या फरकाची मुळे जन्माच्याही आधीची असावीत हे पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बालकांच्या अभ्यासाने सुचवले. तेथील बाळांचे सरासरी वजन 2.7 किलो आणि इंग्लंडमधील साउदम्प्टनच्या बाळांचे 3.5 किलो, पण हा तुटवडा मुख्यतः स्नायूंत व पोटाच्या अवयवांत होता, त्वचेखालची चरबी त्यामानाने शाबूत होती. हाडकुळे दिसणारे, तरी चरबी राखून असलेले हे बाळ पुढे मोठे होऊन कचेरीत बसू लागते, तेव्हा त्याच्या शरीरात साखर साठवायला स्नायू कमी आणि चरबी साठवायला पोट तयार, अशी स्थिती असते. जेवणानंतर रक्तातली साखर मोठ्या प्रमाणात शोषून घेतात ते स्नायू. वजनाच्या आकड्यात स्नायू आणि चरबी एकाच तागडीत तोलले जातात, ही त्या आकड्याची मूळ खोट आहे.

आता दमसासाकडे वळू. शरीराची सहनशक्ती मोजण्याचे शास्त्रातले सर्वमान्य माप म्हणजे व्हीओटू मॅक्स: पराकोटीच्या श्रमात शरीर दर मिनिटाला, दर किलो वजनामागे किती मिलिलिटर प्राणवायू वापरू शकते तो आकडा. हा अपूर्णांक आहे. अंशस्थानी हृदय, फुप्फुसे, रक्त आणि स्नायू यांची एकत्रित क्षमता; छेदस्थानी वजन. समजा, 80 किलोचा एक मनुष्य मिनिटाला 2.4 लिटर प्राणवायू वापरतो. त्याचे माप झाले 30. त्याने आठ किलो वजन घटवले आणि अंश तसाच राखला, तर माप 33 च्या वर जाते. जिना चढताना त्याला हलके वाटते आणि ते खरेच असते. पण उपास करून, नुसत्या फळांवर राहून त्याने ते आठ किलो घालवले आणि त्यात स्नायूही गेले, क्षमता 2.16 लिटरवर घसरली, तर भागाकार पुन्हा 30 येतो. मित्रमंडळी कौतुक करतात, जुन्या विजारी सैल होतात, आणि दम जिथे होता तिथेच राहतो. तिसरी शक्यता अशी की त्याने वजनाचा विचार सोडून दिला आणि चार-सहा महिने झपाझप चालणे, थोडे चढ, थोडी वजने उचलणे असा क्रम ठेवला. बैठ्या माणसाच्या क्षमतेत एवढ्या काळात पंधरा टक्के वाढ होणे अजिबात अपवादात्मक नाही. अंश 2.76 झाला, छेद 80 च राहिला, माप 34.5. काटा एक ग्रॅमही हलला नाही आणि तिघांत दम सर्वांत जास्त याचाच. अर्थात अंश वाढवता वाढवता छेदातली चरबीही हळूहळू कमी झाली तर दुधात साखर. प्रश्न आहे तो आधी कशामागे लागायचे याचा.

हे केवळ गणित नाही. अमेरिकेतील डॅलस येथे स्टीव्हन ब्लेअर आणि सहकाऱ्यांनी 13,344 स्त्रीपुरुषांना ट्रेडमिलवर चालवून त्यांची क्षमता मोजली आणि आठ वर्षांहून अधिक काळ त्यांचा माग ठेवला. 1989 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात कमी दमसास असणाऱ्यांचा मृत्युदर सर्वाधिक होता, आणि अगदी तळाच्या गटातून त्याच्या वरच्या गटात जाण्याचा फायदा सर्वांत मोठा होता. त्यानंतरच्या अनेक अभ्यासांत स्थूल पण सक्षम माणसे सडपातळ पण अक्षम माणसांपेक्षा दीर्घायुषी आढळली आहेत. कोल्हापूरच्या तालमीतल्या वस्तादाला हे सांगण्यासाठी शोधनिबंधाची गरज पडली नसती. तिथे नव्या पोराच्या अंगावर किती चढले यापेक्षा त्याला दम किती आहे हे आधी पाहतात. उलट, काट्याच्या मागे लागल्यावर काय होते ते ऑगस्ट 2024 मध्ये पॅरिस ऑलिंपिकमध्ये साऱ्या देशाने पाहिले. 50 किलो गटाच्या अंतिम लढतीच्या सकाळी विनेश फोगाटचे वजन 100 ग्रॅमने जास्त भरले. आदल्या रात्रभर ते उतरवण्याचा प्रयत्न केल्यानंतर ती अपात्र ठरलीच, शिवाय शरीरातील पाणी कमी झाल्याने तिला उपचार घ्यावे लागले. तिथे काट्याचा नियम खेळाचा होता, त्याला पर्याय नव्हता. घरोघरी लग्नाच्या तारखेआधी किंवा महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनाआधी मुलामुलींवर तोच नियम लादला जातो, त्याला मात्र कसलाच आधार नाही. कमी खाऊन जास्त पळणाऱ्या तरुण खेळाडूंत पाळी अनियमित होणे, हाडे ठिसूळ होणे, वारंवार दुखापती होणे हे सारे इतके सर्रास आढळते की आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने 2014 पासून त्याला स्वतंत्र नाव देऊन त्याविषयी मार्गदर्शन सुरू केले.

चेन्नईतला सर्वांत महत्त्वाचा पुरावा अजून सांगायचा आहे. डॉ. ए. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या 531 जणांना चार गटांत विभागून तीन वर्षे पाहिले. एका गटाला नेहमीचा सल्ला, दुसऱ्याला आहार व व्यायामाचे मार्गदर्शन, तिसऱ्याला मेटफॉर्मिन, चौथ्याला दोन्ही. 2006 मध्ये निष्कर्ष आले. पहिल्या गटातील 55 टक्के लोकांना तीन वर्षांत मधुमेह झाला. आहार-व्यायामाच्या गटात 39.3 टक्क्यांना. औषध जोडल्याने त्यात काही भर पडली नाही. अमेरिकेत 2002 मध्ये झालेल्या अशाच प्रयोगात मधुमेहाचे प्रमाण 58 टक्क्यांनी घटले होते, पण तिथे सात टक्के वजन घटवणे हेच उद्दिष्ट होते आणि त्यासाठी मोठी यंत्रणा राबली होती. चेन्नईच्या गटाचे वजन मात्र लक्षणीय घटले नव्हते. रोज अर्धा तास झपाझप चालणे, साखर, तेल आणि पांढरे धान्य कमी करणे एवढ्याने काटा जागचा हलला नाही, तरी चौथ्या हिश्शाहून अधिक धोका टळला. नागेश्वर राव उद्यानातून खजील होऊन परतणाऱ्याला हा निबंध कोणीतरी वाचून दाखवायला हवा.

याचा अर्थ वजनाला काही महत्त्वच नाही असा कोणी काढू नये. गुडघेदुखी असलेल्या स्थूल व्यक्तींच्या चालण्याच्या अभ्यासात असे दिसले आहे की एक किलो वजन घटले तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने उतरतो. पट्टा बांधून फिरणाऱ्या आजीबाईंच्या दृष्टीने पाच किलो म्हणजे पावलोपावली वीस किलोंची सुटका. ब्रिटनमधील डायरेक्ट या प्रयोगात, नव्याने मधुमेह झालेल्यांपैकी ज्यांनी पंधरा किलो किंवा अधिक वजन घटवले त्यांतील 86 टक्के लोक वर्षभरात औषधांशिवाय मधुमेहमुक्त अवस्थेत होते. यकृतात आणि स्वादुपिंडाभोवती साठलेली चरबी हटली की इन्सुलिनची यंत्रणा पुन्हा मार्गावर येते. तेव्हा ज्याचे वजन खरोखर जास्त आहे त्याने ते उतरवावेच. वाद आहे तो एकमेव मापदंड म्हणून वजनाला बसवण्याशी.

नव्या औषधांनी हा वाद तातडीचा केला आहे. टिर्झेपटाइड आणि सेमाग्लुटाइड ही वजन घटवणारी इंजेक्शने 2025 मध्ये अनुक्रमे मार्च आणि जूनमध्ये भारतात विक्रीस आली. त्यांचा प्रभाव निर्विवाद आहे. सेमाग्लुटाइडच्या 1,961 जणांवरील मूळ प्रयोगात 68 आठवड्यांत सरासरी 14.9 टक्के वजन घटले होते. पण त्याच प्रयोगातील काही जणांच्या शरीराची फोड करून मोजले असता, घटलेल्या वजनात चरबीविरहित ऊतींचा वाटा एक तृतीयांशाहून अधिक निघाला. पाश्चात्त्य स्थूल माणसाकडे स्नायूंची पुंजी मुळात मोठी असते. त्याला हा खर्च परवडू शकतो. याज्ञिकांच्या छायाचित्रातल्या माणसाला, म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांना, तो कितपत परवडेल? औषध लिहून देणारा डॉक्टर त्याच चिठ्ठीवर प्रथिने आणि भारव्यायाम लिहून देतो की नाही, यावर या औषधांचे भारतातले यश ठरणार आहे. आठवडाभरात किती किलो गेले याच्या जाहिराती वाचून दवाखान्यात येणारा रुग्ण मात्र त्या चिठ्ठीची वरचीच ओळ वाचतो.

प्रथिनांचा विषय निघाला म्हणून ताटाकडे पाहायला हवे. चेन्नईतील वीस वर्षांपुढील प्रौढांच्या क्युअर्स या पाहणीत शहरी माणसाची जवळपास निम्मी ऊर्जा सडलेल्या, कोंडा काढलेल्या धान्यातून, मुख्यतः पांढऱ्या तांदळातून येत असल्याचे दिसले. कपालीश्वराच्या देवळाभोवतालच्या माडा रस्त्यांवरचा सकाळचा न्याहारीचा थाट पाहिला की त्याची खात्री पटते: इडली, पोंगल, डोसा, आणि शेवटी साखर घातलेली फिल्टर कॉफी. फेरफटका मारून आलेली मंडळी हाच नाश्ता करतात याबद्दल त्यांना टोमणे मारण्याची पद्धत आहे; ती सोडून द्यावी. इडलीत उडीद आहे, पोंगलात मूग आहे, सांबारात तूर आहे. तक्रार आहे ती प्रमाणाची. डाळ पातळ आणि भात उंच, ही रचना मैलापूरची तशीच सदाशिव पेठेचीही. पोहे, साबुदाण्याची खिचडी, वरणभात यांची मांडणी फार निराळी नाही. वरणाची वाटी मोठी आणि भाताची मूद लहान केली तर कोणाच्याही संस्कृतीला धक्का लागत नाही.

तरीही ताट आणि निर्धार या दोन गोष्टींवर सगळी जबाबदारी टाकून मोकळे होणे अन्यायाचे आहे. इंडियाबच्या पहिल्या टप्प्यात तमिळनाडू, महाराष्ट्र, झारखंड आणि चंडीगड येथे केलेल्या पाहणीत निम्म्याहून अधिक लोक शारीरिकदृष्ट्या निष्क्रिय आढळले, आणि फावल्या वेळात काही व्यायाम किंवा खेळ करणारे दहा टक्केही नव्हते. 2024 मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये आलेल्या अंदाजानुसार 2022 साली भारतातील 49.4 टक्के प्रौढ पुरेशी हालचाल करत नव्हते. पुरुषांत हे प्रमाण 42 टक्के, स्त्रियांत 57 टक्के. स्त्रियांचा निर्धार पुरुषांपेक्षा पंधरा टक्क्यांनी कमी असतो असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. सकाळच्या ज्या तासात नवरा बागेत असतो त्याच तासात डबे भरायचे असतात, आणि अंधार पडल्यावर ज्या रस्त्यावरून तो निर्धास्त फिरतो तिथून तिला घाईने परतावे लागते.

या संदर्भात चेन्नईचीच एक जुनी हकीकत पुन्हा सांगण्याजोगी आहे. 1996 ते 1998 या काळात याच संशोधकांनी शहरातल्या दोन वस्त्यांची पाहणी केली होती. एक तिरुमंगलमची मध्यमवर्गीय वसाहत, दुसरी मैलापूरच्या शेजारच्या टी. नगरमधील अल्प उत्पन्न गटाची वस्ती. मध्यमवर्गीय वसाहतीत मधुमेहाचे प्रमाण 12.4 टक्के आढळले. आकडे रहिवाशांसमोर ठेवले गेले, व्याख्याने झाली. आणि मग काहीशी अनपेक्षित गोष्ट घडली. रहिवाशांनी आपसांत वर्गणी काढून, महापालिकेची वाट न पाहता, वसाहतीत चालण्यासाठी एक बाग तयार केली. सुरुवातीला आठवड्यातून तीनपेक्षा अधिक वेळा व्यायाम करणारे 14.2 टक्के होते, पुढच्या पाहणीत ते 58.7 टक्के झाले. माणसे तीच, स्वभाव तेच, आळस तोच. फक्त पाय ठेवायला जागा झाली होती.

दहा वर्षांनी दोन्ही वस्त्यांचे रक्त पुन्हा तपासले गेले. मध्यमवर्गीय वसाहतीत मधुमेह 12.4 वरून 15.4 टक्क्यांवर गेला होता. टी. नगरच्या वस्तीत तो 6.5 वरून 15.3 टक्क्यांवर पोहोचला होता. एकीकडे चतुर्थांशाने वाढ, दुसरीकडे दुपटीहून अधिक. हा सारा फरक एका बागेमुळे पडला असे कोणताही शास्त्रज्ञ म्हणणार नाही. दोन वस्त्यांची आरंभरेषा वेगळी होती, आणि दशकभरात गरिबांच्या कामाचे व अन्नाचे स्वरूपही पालटले होते. परंतु श्रीमंतांचा म्हणून ओळखला जाणारा रोग दहा वर्षांत दोन्ही घरांत सारखाच राहू लागला, आणि त्याच्याशी झुंजण्याची साधने मात्र एकाच घरात होती, एवढे त्या आकड्यांतून स्वच्छ दिसते. वर्गणी काढता येणे हाही एक प्रकारचा दमसासच आहे. तो सर्वांपाशी नसतो.

चेन्नई महापालिकेने 2014 मध्ये पादचारी व सायकलस्वारांसाठी स्वतंत्र धोरण स्वीकारले आणि वाहतुकीच्या अंदाजपत्रकातील किमान 60 टक्के रक्कम त्यासाठी खर्च करण्याचे ठरवले. पाच वर्षांनी टी. नगरच्या पाँडी बाजारात रुंद पदपथांचा चौक उभा राहिला आणि तो खरोखर देखणा आहे. मैलापुरात मात्र तिरुमयिलै मेट्रो स्थानकाच्या खोदकामाने लझचा परिसर कित्येक वर्षे पत्र्यांच्या कुंपणांनी व्यापला. काम कधीतरी पूर्ण होईल, पत्रे निघतील, आणि जी जागा मोकळी होईल तिच्यावर पदपथ, वाहनतळ आणि फेरीवाले असे तिघे हक्क सांगतील. पुणे, ठाणे आणि नागपूर येथे मेट्रोच्या खांबांखाली हाच प्रश्न आज उभा आहे. त्या जागेच्या आराखड्यांवर महापालिका नागरिकांच्या हरकती व सूचना मागवते, तेव्हा त्या नोटिशीखाली वाहनतळाची मागणी करणाऱ्यांच्या सह्या भरपूर असतात. मधुमेहतज्ज्ञाची, शरीरक्रियाशास्त्राच्या विद्यार्थ्याची किंवा बागेत चालणाऱ्या आजीबाईंची सही तिथे क्वचितच आढळते.